शाळा चांगली म्हणजे नेमकी कोणासाठी चांगली?

खडू-फळा

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

गेली 24 वर्षं मी गणित शिकवते. पहिली 11 वर्षं ज्या शाळेत होते तिचं नाव मोठं होतं. प्रवेशाला झुंबड, आणि शेवटच्या परीक्षेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. एका वर्षी निकालानंतर जुनी हजेरीपत्रकं कपाटात लावायचं काम माझ्याकडे आलं. लावता लावता सहज मोजलं. त्या वर्षीची मुलं पाचवीत 118 होती, परीक्षेला बसली 91. काहींची घरं बदलली असतील, मान्य. पण बाकीच्यांच्या पालकांना बोलावून 'त्याला इथलं झेपत नाहीये, दुसरीकडे बघा' असं गोड शब्दांत सांगितलं गेलं होतं. अशा दोन बैठकांना मी स्वतः हजर होते आणि गप्प बसले होते.

त्याच वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, वही कायम पूर्ण, कोणाला कसला त्रास नाही. तीन वर्षं ती माझ्यासमोर बसली. एकदा मी फळ्यावरचंच शाब्दिक उदाहरण आकडे बदलून तिला दिलं, तर तिने आधीचं उत्तर जसंच्या तसं लिहून आणलं. म्हटलं, मोठ्याने वाच बरं. पहिल्याच ओळीत तीनदा अडखळली. 'प्रत्येकी' म्हणजे काय हे तिला सांगता येईना. तिला गणित येत नाही असं मी तीन वर्षं धरून चालले होते, आणि तिला वाचताच येत नव्हतं. तिसरीत असताना आजारपणात तिची बरीच शाळा बुडाली होती, हे पुढे तिच्या आईकडून कळलं. तेव्हापासून आम्ही नऊ-दहा शिक्षकांनी तिच्या वह्या तपासल्या होत्या आणि खाली 'छान' लिहिलं होतं.

यात वाईट शिक्षक कोणीच नव्हता. भाषेच्या बाईंना ती प्रकट वाचनाच्या दिवशी गैरहजर राहते हे माहीत होतं. विज्ञानाच्या सरांना ती तोंडी उत्तरं बरी देते हे माहीत होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र ठेवायची जागा शाळेत कुठेच नव्हती.

म्हणून हल्ली कोणी 'अमुक शाळा चांगली आहे का हो' असं विचारलं की मी दोनच प्रश्न पुढे करते. एखाद्या मुलाला समजलेलं नाही, हे शाळेला किती दिवसांत कळतं? आणि कळल्यावर पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या दिवसात नेमकं काय बदलतं? इमारत, संगणक, स्नेहसंमेलन वगैरे सगळं त्यानंतर.

तुमचे अनुभव सांगा. शिक्षक, पालक, पूर्वी विद्यार्थी असलेले, सगळ्यांनीच. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

वाचनवेडी

'छान' वर थांबले. माझ्या वह्यांवरही तेवढंच असायचं. वाचतेय.

कंपासपेटी

ताई, कळकळ पोहोचली. पण एक बाजू मांडतो. माझं काम आकडेवारीचं आहे, त्यामुळे सवयीने तिकडेच जातो.

1966 मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे 4,000 शाळांमधल्या सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. अपेक्षा अशी होती की सुविधा कमी म्हणून निकाल कमी, असं काहीतरी दिसेल. दिसलं वेगळंच. मुलांच्या गुणांमधला फरक सुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी जास्त जोडलेला होता. तेव्हापासून 'शाळेने फारसा फरक पडत नाही' हे वाक्य चिकटलं ते चिकटलंच. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तकं आहेत, अडलं तर सांगणारं कोणी आहे, ते कुठल्याही शाळेत तरून जातं. मग अशी मुलं वेचून घेणाऱ्या शाळेला 'चांगली' का म्हणायचं?

खडू-फळा

@कंपासपेटी, तुम्ही विरोध केलात असं मला वाटतच नाही, उलट माझंच पुढे नेलंत. वेचून घेणाऱ्या शाळेला चांगली म्हणू नये, हेच तर म्हणतेय.

कोलमनच्याच अहवालातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत. ज्या मुलांच्या मागे घरचं बळ कमी, त्यांच्यावर शाळेच्या दर्जाचा परिणाम जास्त दिसला होता. म्हणजे ज्याला दुसरा आधार नाही त्यालाच शाळेने सर्वाधिक फरक पडतो.

शिवाय 1979 मध्ये मायकल रटर यांच्या गटाने लंडनमधल्या 12 माध्यमिक शाळांचा अभ्यास मांडला. मुलं शाळेत आली तेव्हा कुठे होती हे लक्षात घेऊनसुद्धा या शाळांमध्ये हजेरी, वागणूक, परीक्षा सगळ्यात ठळक फरक उरला. आणि तो इमारत जुनी की नवी, मोठी की छोटी यावर ठरत नव्हता. तास वेळेवर सुरू होतो का, दिलेला गृहपाठ कोणी खरंच बघतं का, चांगल्या कामाचं कौतुक होतं का, मुलांवर काही जबाबदारी टाकली जाते का, असल्या रोजच्या गोष्टींवर ठरत होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धीर आला होता. कारण यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

रफ वही

मी पालक म्हणून लिहितोय. मुलगा आता मोठा झालाय, तरी हा विषय निघाला की अजून पोटात तुटतं.

त्याच्या शाळेत गुणांप्रमाणे तुकड्या होत्या. चौथीच्या शेवटी एक परीक्षा, तिच्यावरून अ, ब, क. हा क मध्ये गेला. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, 'बाबा, आमच्या वर्गात सगळे ढ आहेत.' वय वर्षं दहा. पुढच्या तीन वर्षांत त्या तुकडीला शिकवायला दर सहामाहीला नवीन शिक्षक. अनुभवी सगळे अ मध्ये. क मधून कोणी ब मध्ये गेल्याचं मला आठवत नाही. मी मुख्याध्यापकांना भेटलो तर म्हणाले, 'त्यांच्या गतीने शिकवतोय, त्यांच्या भल्यासाठीच आहे.' त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही मानतो. पण त्या तुकडीत पुस्तकाचे शेवटचे चार धडे कधी झालेच नाहीत. जे शिकवलंच नाही ते पोरांना येणार कसं?

खडू-फळा ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या शाळेचं उत्तर होतं 'तुकडी बदलते', आणि तेवढंच.

कंपासपेटी

@रफ वही, वाचून वाईट वाटलं. तरीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

पातळीप्रमाणे गट करणं नेहमीच वाईट असतं असं दिसत नाही. केनियामध्ये पहिलीच्या वर्गांवर एक मोठा प्रयोग झाला (डुफ्लो, ड्यूपा आणि क्रेमर, 2011 मध्ये प्रसिद्ध). काही शाळांत मुलांना सुरुवातीच्या गुणांप्रमाणे दोन वर्गांत बसवलं, काही शाळांत सरमिसळ. पातळीप्रमाणे बसवलेल्या शाळांमध्ये वरच्या आणि खालच्या, दोन्ही वर्गांतल्या मुलांची प्रगती जास्त झाली. कारण असं मांडलं गेलं की शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर येऊन शिकवता आलं.

दुसऱ्या बाजूला फिनलंड. तिथे 1970 च्या दशकात दोन वेगळ्या वाटांची जुनी शाळाव्यवस्था मोडून सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा दिली, आणि 1985 मध्ये विषयवार पातळीगटही बंद केले. त्याचबरोबर अडलेल्या मुलाला लगेच थोड्या काळासाठी खास शिक्षकाची मदत मिळेल अशी सोय प्रत्येक शाळेत उभी केली. तेही चाललं.

म्हणजे उत्तर सरळ नाही.

निळी शाई

नमस्कार. मी 14 वर्षं मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त आहे. या दोन उदाहरणांत मला विरोध दिसत नाही.

रफ वही, तुमच्या मुलाच्या बाबतीत गटाचं दार एकाच बाजूने उघडत होतं, आत जायला. गट करायचे तर ते एका कौशल्यापुरते हवेत, दिवसातल्या एका तासापुरते हवेत, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलायला हवेत. वाचनात मागे असलेला मुलगा चित्रकलेत, विज्ञानात, खेळात सगळ्यांबरोबरच असला पाहिजे. 'प्रथम' संस्थेने रुळवलेली आणि पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेलेली पद्धत अशीच आहे: तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला अक्षरं येतात तो एका गटात, ज्याला परिच्छेद वाचता येतो तो दुसऱ्या, असं बसवायचं आणि येऊ लागलं की पुढच्या गटात न्यायचं. गट म्हणजे जिना असावा. तुमच्या मुलाला मिळाली ती खोली होती आणि तिला बाहेरून कडी होती.

आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून दिसलेलं सांगते. शाळा कोणासाठी चालते हे बघायचं असेल तर तिचं वेळापत्रक मागा, घोषवाक्य वाचू नका. सगळ्यात अनुभवी शिक्षक कुठल्या वर्गावर आहे? जवळजवळ सगळीकडे उत्तर 'शेवटच्या वर्षाला' असंच मिळतं, कारण निकाल तिथे लागतो. मी तिसऱ्या वर्षी आमच्या सर्वांत जाणत्या बाईंना पहिलीवर नेमलं. त्या माझ्यावर रुसल्या, पालकांनी अर्ज दिले, संस्थेने स्पष्टीकरण मागितलं. दोन वर्षांनी तिसरीत न वाचता येणारी मुलं वर्गात दहा-बारा असायची ती दोन-तीनवर आली. मग त्याच बाईंनी पहिली सोडायला नकार दिला.

वाचन लवकर आलं नाही तर पुढचा प्रत्येक विषय त्या मुलाला बंद दारामागून ऐकावा लागतो. इतिहासही वाचूनच कळतो आणि शाब्दिक उदाहरणही. त्यामुळे 'सगळ्यांसाठी शाळा' यातली पहिली लढाई पहिली-दुसरीतच असते असं माझं ठाम मत आहे.

उजळणी

निळी शाई ताईंच्या पोस्टला अनुमोदन.

मी विशेष शिक्षिका आहे. 'सगळ्या' मुलांमध्ये माझी मुलं धरली जात नाहीत, म्हणून लिहिते. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे 92 देशांच्या सरकारांनी मान्य केलं की शारीरिक, बौद्धिक, भाषिक, कशीही स्थिती असो, मुलाला सामान्य शाळेत सामावून घेतलं पाहिजे. कागदावर ते झालं. वर्गात मात्र पुष्कळदा असं दिसतं की मूल त्याच वर्गात आहे, पण कोपऱ्यात मदतनिसाबरोबर वेगळंच काही करतंय. 40 मुलांचा एक वर्ग आणि त्यातच एकाचा दुसरा वर्ग. त्याला सामावून घेणं म्हणत नाहीत.

जे खरंच उपयोगी पडतं ते दिसायला अगदी साधं असतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, कारण कमी ऐकू येणारं मूल ओठ बघतं. सूचना एका वेळी एकच द्या आणि ती फळ्यावरही लिहा. ज्याला लिहायला वेळ लागतो त्याला तोंडी उत्तर देऊ द्या. नवीन शब्द धड्याच्या आधी सांगा, नंतर नको. मी हे एका मुलासाठी म्हणून मागते आणि महिन्याभराने शिक्षक सांगतात की वर्गातल्या दहा जणांना फायदा झाला. खडू-फळा ताई, तुमच्या त्या मुलीला 'प्रत्येकी' हा शब्द आधी कोणी सांगितला असता तर?

आणि नजर तपासा. एवढंच सांगते. 'लक्ष देत नाही' म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या किती मुलांना फक्त चष्मा हवा होता!

मधली सुट्टी

पहिल्यांदाच इथे लिहितोय. मी क तुकडीतला. रफ वही काकांच्या मुलासारखाच.

आमच्या वर्गात प्रश्न विचारला जायचा आणि शिक्षक स्वतःच उत्तर द्यायचे. कारण आम्हाला येणार नाही हे ठरलेलंच होतं. आठवीत भूगोलाला एक बाई आल्या. त्यांनी मला विचारलं, वारे कशामुळे वाहतात. मी उभा राहिलो, नेहमीसारखी मान खाली. त्या थांबल्या. मला वाटलं आता बसायला सांगतील. त्या थांबल्याच. माझ्याकडे बघत, न चिडता. मग मी म्हणालो, गरम हवा वर जाते म्हणून. बरोबर निघालं. अर्धवट होतं, पण बरोबर होतं. त्या म्हणाल्या, 'मग तिथे रिकामी झालेली जागा कोण भरतं?' आणि परत थांबल्या.

मी आज हवामान केंद्रात तंत्रज्ञ आहे. त्या दिवसामुळेच झालो असं म्हणणार नाही, मधे खूप काही झालं. पण कोणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलं होतं, हे मी कधी विसरलो नाही.

पायरी

मधली सुट्टी, रडवलंत.

खडू-फळा

@मधली सुट्टी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

त्या बाईंनी जे केलं त्यावर मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्षानुवर्षं काम केलं. तिने वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबायचे. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. मी घड्याळ लावून स्वतःवर करून बघितलंय. तीन सेकंदांची शांतता वर्गात प्रचंड लांब वाटते. पहिला आठवडाभर मी पुन्हा पुन्हा मधेच उत्तर देऊन बसत होते.

वाचनवेडी, तुमच्या 'छान' बद्दलही राहिलं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये एक प्रयोग मांडला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त काय सुधारायचं तो शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा जवळजवळ झालाच नाही. गुण दिसले की पुढचं कोण वाचतं? तेव्हापासून मी सरावाच्या वह्यांवर गुण देत नाही. एकच ओळ लिहिते आणि ती दुरुस्ती करायला दुसऱ्या दिवशीच्या तासातली पहिली आठ मिनिटं देते. वेळ दिला नाही तर ती ओळही 'छान' सारखीच वाया जाते.

पायरी

आता माझी अडचण सांगू का? मी नोकरीला लागून दुसरंच वर्ष आहे. माझ्या वर्गात 58 मुलं आहेत. चार वर्ग मिळून दोनशेच्या वर वह्या. त्यात अहवाल, तक्ते, माहिती भरणं. तुम्ही सगळे म्हणताय ते पटतं आणि पटतं म्हणूनच घरी जाताना अपराधी वाटतं. कोणाला कळलं नाही हे मला चाचणीत कळतं, सहा आठवड्यांनी. तोवर धडा पुढे गेलेला असतो.

कंपासपेटी

@पायरी, अपराधी वाटून घेऊ नका, वर्गाच्या आकाराचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात मुलांना आणि शिक्षकांना अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखं 13 ते 17 मुलांच्या आणि 22 ते 25 मुलांच्या वर्गांत वाटलं. छोट्या वर्गांतली मुलं पुढे राहिली, आणि गरीब घरच्या व कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. लक्षात घ्या, तिथला 'मोठा' वर्ग तुमच्या निम्म्याहून लहान होता. 58 मुलांच्या वर्गावर एकटीला उभं करणं हा व्यवस्थेचा दोष आहे, आणि तो तसा म्हटलाच पाहिजे.

ताईंच्या पहिल्या पोस्टशी जोडून अजून एक. शाळेचं यश 'किती टक्के पास' यावर मोजलं की शिक्षकांचा वेळ कुठे जातो हे शिकागोतल्या शाळांवरच्या 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. नवीन कसोट्या आल्यावर मधल्या, म्हणजे रेषेच्या आसपासच्या मुलांचे गुण वाढले. अगदी तळाच्या मुलांना काहीच मिळालं नाही. रेषेपासून फार लांब असलेल्या मुलावर वेळ घालवून आकडा हलत नाही ना! त्यामुळे मोजायचंच तर प्रत्येक मूल जिथे होतं तिथून किती पुढे आलं हे मोजा, आणि सरासरी छापण्याआधी सर्वांत मागच्या पाव वर्गाचं काय झालं ते बघा. रॉन एडमंड्स यांनी 1970 च्या दशकातच ही कसोटी लावली होती: गरीब घरच्या मुलांनाही मूलभूत गोष्टी मध्यमवर्गीय मुलांइतक्याच येत असतील तरच ती शाळा परिणामकारक म्हणायची. आणि अशा शाळा त्यांना प्रत्यक्षात सापडल्या होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं.

रफ वही

ही कसोटी आमच्या वेळी कोणी लावली असती तर.

निळी शाई

पायरी, बाळा, एक विचारते. तुमच्या शिक्षकसभेत काय होतं?

पायरी

सूचना वाचून दाखवतात. मग सही.

निळी शाई

तोच वेळ मागून घ्या. आमच्याकडे पंधरवड्याला एक तास सभा असायची. मी सूचना भिंतीवर लावायला लागले, ज्याने त्याने वाचाव्यात, आणि तो तास आम्ही मुलांच्या नावांना दिला. नियम असा की गुणपत्रक आणायचं नाही, वही आणायची. प्रत्येक वर्गाची जास्तीत जास्त पाच नावं. त्या मुलाला शिकवणारे सगळे एका टेबलाभोवती. 'आळशी आहे', 'घरी लक्ष नाही' ही वाक्यं बंद. त्याला काय येतं, कुठे अडतं, उद्यापासून कोण काय करणार, एवढंच. पुढच्या सभेत आधी मागचीच नावं.

पहिले दोन महिने फार अवघड गेले. वही उघडी ठेवणं म्हणजे आपलं शिकवणं उघडं ठेवणं असतं, आणि मुख्याध्यापिका समोर बसलेली. एक सर म्हणाले, 'मॅडम, हे आमच्या गोपनीय अहवालात जाणार का?' मी तेव्हाच सांगितलं की या खोलीतलं काहीही कोणाच्या मूल्यमापनात जाणार नाही, आणि शेवटपर्यंत ते पाळलं. शिवाय पहिली वही मी माझ्या तासाची आणली. माझ्या वर्गातल्या 11 जणांना मी शिकवलेलं अजिबात कळलेलं नव्हतं.

कंपासपेटी

ब्रिक आणि श्नायडर यांचं शिकागोतल्या प्राथमिक शाळांवरचं काम (2002) हेच सांगतं. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यात विश्वास असलेल्या शाळा सुधारण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. तो कसा तयार होतो ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

उजळणी

त्या टेबलाशी ग्रंथपाल, शिपाईकाका, खेळाचे शिक्षक यांनाही बसवा. वर्गात न बोलणारं मूल त्यांच्याशी बोलत असतं.

खडू-फळा

अगदी खरं. आमच्या त्या मुलीला शेवटी वाचायला शिकवलं ते ग्रंथपाल बाईंनी. रोज मधल्या सुट्टीनंतर 20 मिनिटं. त्यांनी तिला लहान मुलांची पुस्तकं तिच्या हातात न देता 'पहिलीच्या मुलांना वाचून दाखवशील का, मला मदत हवीय' असं सांगितलं. वाचून दाखवायचं तर आधी तयारी करायला हवी, म्हणून दोघी मिळून तयारी करायच्या. त्यामुळे आठवीतल्या मुलीला बालवाचन हातात धरायची लाज वाटली नाही. पाच महिने लागले. त्यानंतर माझी शाब्दिक उदाहरणं ती सोडवायला लागली. सगळी नाही, पण स्वतःची.

पायरी, 58 मुलांमध्ये तुम्ही हे कसं करावं ते सांगते. सगळी शाळा बदलायची वाट बघू नका. तास संपताना एकच प्रश्न, अर्ध्या कागदावर, नावासकट. तीन मिनिटं. तो तपासायचा नाही, फक्त तीन ढीग करायचे: आलं, अर्धं आलं, नाही आलं. 58 चे ढीग करायला मला दहा मिनिटं लागतात. रोज नको, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या ढिगात सलग तीनदा आलेलं नाव डायरीत. आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्या ढिगाकडे बघूनच सुरू करायचा, नाहीतर कागद गोळा करण्यात अर्थ नाही. सोबत एक तरी सहकारी शोधा. दोघींची यादी एकत्र ठेवली तरी पुष्कळ कळतं.

मधली सुट्टी

आणि दुसऱ्या ढिगातल्यांना विसरू नका, मॅडम. मी तिथला होतो. अर्धं येणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पायरी

लिहून ठेवलं. दोन्ही.

पायरी

धागा वर काढतेय. चार आठवडे झाले.

आठ वेळा कागद घेतले. पहिल्या वेळी तिसऱ्या ढिगात 31 जण होते आणि मी शिक्षकखोलीत बसून ते बघत राहिले, कारण तो तास मला फार छान झाला असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच भाग परत घेतला, वेगळ्या पद्धतीने. दुसऱ्या वेळी 17.

डायरीत आता सात नावं आहेत. भाषेच्या ताईंशी यादी जुळवली, त्यातली चार त्यांच्याकडेही निघाली. त्या चौघांना आम्ही दोघी आलटून पालटून प्रार्थनेआधी 15 मिनिटं वाचायला बसवतो. एकाचं कारण वेगळंच निघालं. त्याला फळा दिसत नव्हता. पुढे बसवलंय आणि घरी निरोप दिलाय. (उजळणी ताई, तुमच्यामुळे सुचलं.) मुख्याध्यापकांकडे सभेतला अर्धा तास मागितला. ते म्हणाले, बघू. पुढच्या सभेला वह्या घेऊनच जाणार आहे.

दोन नावं खोडली. एकाच्या पुढे मला अजून काहीच लिहिता आलेलं नाही. तोंडी येतं, लिहिताना कागद कोराच देतो, विचारलं की हसतो. खेळाच्या सरांशी तो बराच वेळ बोलत असतो असं कळलं. उद्या त्यांना गाठते.